उघड्या कंसातला गुलाल

“रंग काढून टाका,” मगदूम सर म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

मगदूम सरांनी चहा बशीत ओतला की निर्णय झालेला असतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. विचार चालू असेल तोवर ते कपानं पितात.

“कुठले रंग?” मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

“सगळेच ओ. काळं-पांढरं द्या. मशीनला काय रंग दिसतोय होय?”

“मशीनला नाही दिसत. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला दिसतो.”

“त्याच माणसाचं काम अडतंय म्हणतोय मॅनेजर. ऑपरेटर प्रोग्रॅम उघडून बसतोय आणि आपलं सॉफ्टवेअर अडकून पडतंय. सोमवारी मीटिंग लावलीय त्यांनी. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस त्यांचा एडिटर घेऊन येतोय.”

“रंग बंद केले की अडकत नाही, हे मी बघितलंय,” खिडकीजवळच्या टेबलावरून शार्दूल बर्वे म्हणाला. “खरं तर रंग चालू ठेवूनही माझ्याकडे अडकत नाही. म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर म्हातारा आहे. म्हाताऱ्या बैलावर झूल कशाला टाका?”

मगदूम सरांनी बशी ओठाला लावून फुर्र केलं. विषय संपला.

ही गोष्ट कोल्हापूरची, उद्यमनगरातली, आणि आता बरीच जुनी. खाली लेथचं वर्कशॉप, वर आमची तीन टेबलांची कंपनी. खाली मोठा जॉब लागला की वर कपातल्या चहाला तरंग यायचे. आम्ही एकच माल बनवायचो, ‘कातीव’ नावाचा एडिटर. कारखान्यातली सीएनसी मशीनं लेखी आज्ञांवर चालतात. हत्यार इकडं न्या, तिकडं वळवा, एवढं खोल कापा, अशा ओळींमागून ओळी. साचा कापायचा असला तर एका प्रोग्रॅमच्या ओळी लाखाच्या वर जातात. ऑपरेटर तो प्रोग्रॅम ‘कातीव’मध्ये उघडतो, सुरुवातीच्या दोन-चार ओळी आपल्या मशीनपुरत्या बदलतो आणि मशीनकडे पाठवून देतो.

पण नुसत्या काळ्या अक्षरांतल्या लाख ओळी म्हणजे मुंग्यांची रांग. त्यातली चावरी मुंगी कुठली, हे कसं कळणार? म्हणून रंग. कापायची आज्ञा निळी. हत्यार सुसाट नेणारी आज्ञा लाल, कारण ती नको तिथं पडली तर हत्यार मोडतं आणि कधी कधी नोकरीही. आणि कंसात जे लिहिलं असेल ते गुलाबी. कंसातलं मशीन वाचत नाही. ते माणसानं माणसासाठी लिहिलेलं असतं.

हे रंग माझे. कंपनीत मी आले होते बिलं करायला. बी.कॉम. झालेली, टॅली येणारी, टायपिंग बरं असलेली मुलगी. बर्वेच्या पाठीमागच्या टेबलावर बसायचे, त्याची स्क्रीन बघत बघत शिकले. मग मगदूम सरांनी रंगांचं काम मला दिलं, तेही अशासाठी की ते महत्त्वाचं आहे असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. बर्वे त्याला रांगोळी म्हणायचा. “काय तोडकर, आजची रांगोळी झाली का काढून?” मी हसायचे आणि त्याच्या नावे मांडून ठेवायचे. हिशेबाच्या माणसाला हे जडतंच. भेटेल त्याचं एक खातं मनात उघडतं. बर्वेच्या खात्यावर नावे बाजूला बऱ्याच रांगोळ्या साठल्या होत्या. जमेला एकच गोष्ट होती, पण वजनदार होती. विचारलेलं तो कधी चुकीचं सांगत नसे.

“तुम्हीच शिरोलीला जाऊन या आज,” मगदूम सर म्हणाले. “त्यांच्या कॉम्प्युटरवर रंग बंद करा, ऑपरेटरला दाखवा आणि परत या.”

“आणि मग माझं काम?”

“मग काय राहतंय त्यात? बिलं तुंबलीत की.”

म्हणजे माझ्या हातानं माझं काम पुसायचं आणि त्याच हातानं बिलं फाडायला बसायचं. मी गाडीची किल्ली उचलली. बर्वेनं मान वर केली आणि काहीतरी बोलायचं टाळलं. तेही मी मांडून ठेवलं, पण जमेला.

शिरोलीच्या त्या कारखान्यातल्या टूलरूममध्ये सर्जेराव इंगवले नावाचे ऑपरेटर होते. पन्नाशीचे, मिशा मापात कातरलेल्या, कपाळाला जोतिबाच्या गुलालाचा ठिपका. सगळ्यात मोठं मशीन त्यांच्याकडे, आणि सगळ्यात मोठ्या मशीनवर असल्याची जाणीव त्यांच्या चालीतही होती.

“आलासा? बसा. खुर्ची पुसलीया,” ते म्हणाले. “तेलाची जागा हाय ही. ड्रेसला डाग पडला तर आमच्या नावानं बिल फाडशीला. बिलं तुमीच पाठवतासा न्हवं?”

“आता नाही. आता मी रंगांचं काम करते.”

“कसले रंग?”

“हेच, ‘कातीव’मधले. निळा, लाल, गुलाबी.”

“गुलाबी तुमी केलाय?” सर्जेराव हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. नुसते नाही, मानानं. मॅडम आहे म्हणून दाखवतात तो मान वेगळा आणि हा वेगळा, एवढं मला कळत होतं. तरी मला वाटलं चेष्टा चाललीय. लगेच त्यांचं खातं उघडलं.

“मॅनेजर म्हणतात फार अडकतं,” मी म्हणाले.

“त्यास्नी काय कळतंय? ते काचंच्या पलीकडनं बघत्यात. आपलं झ्याक चाललंय.”

“कधीच थांबत नाही?”

“थांबायचं तितं थांबतंय की.”

“तितं म्हणजे कुठं?”

“बगा आता,” असं म्हणून त्यांनी शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि मनगटाची बटणं लावली. मी रंग बंद करायला आले होते, पण माणूस बाह्यांची बटणं लावून दाखवायला बसला की आपण थांबावं.

त्यांनी नवा प्रोग्रॅम उघडला. पंपाच्या केसिंगचा साचा, अजस्र काम. रंग चटकन आले, काही अडलं नाही. सर्जेराव सगळ्यात वर गेले, तिथं एक रिकामी ओळ केली आणि एक कंस उघडला.

सबंध स्क्रीन गुलाबी झाली. निळं गेलं, लाल गेलं, वरपासून खालपर्यंत जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात पडतो तसा गुलाल पडला. आणि सगळं थिजलं. कर्सरही लुकलुकेना. मी घाईनं माउसकडे हात नेला, पण सर्जेरावांनी हात जोडलेले होते आणि डोळे मिटले होते. शेजारच्या मशीनवरच्या माणसानं इकडची गुलाबी स्क्रीन बघून डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

उदबत्ती पेटवून खोचेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढा गेला. कर्सर हलला. सर्जेरावांनी डोळे उघडून इंग्रजी अक्षरांत श्री जोतिबा प्रसन्न असं लिहिलं आणि कंस मिटवला. पुन्हा सगळं थिजलं. त्यांनी खिशातून डबी काढली, बडीशेप तळहातावर घेतली, मला दिली, स्वतः खाल्ली. तोवर निळं-लाल जागच्या जागी आलं.

“असं प्रत्येक वेळी होतं?” मी विचारलं.

“परतेक जॉबला. श्री घातल्याबिगर मशीन चालू करत न्हाई हितं कोण.” ते जरा पुढे झुकले. “पर तुमच्या कंपनीचं मानलं, मॅडम. कंस उघडला की गुलाल, आणि वर नमस्काराला टाइम. म्हटलं, कोल्हापूरची माणसं हाईत, देवाची सोय बघून केलंय. पुण्यावाल्याला सुचलं असतं व्हय हे?”

“छोट्या प्रोग्रॅमलाही असंच?”

“गुलाल हुतोय, पर थांबत न्हाई. बारक्या कामाला देव लगीच पावतोय. साच्याचं काम मोठं, तितं जरा टाइम घेतोय.”

“आणि हे तुम्ही मॅनेजरना कधी सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? देवाचं नाव घेताना मशीन थांबतंय म्हणून तक्रार करू?”

मी हातातली बडीशेप तोंडात टाकली. आयतं जमा होत असलेलं श्रेय घाईनं खोडू नये, असं माझं मत तेव्हाही होतं.

पण डोक्यात लाखाचा आकडा बसला होता. काही जुन्या मशीनांवर कंसातल्या सूचना दोन-तीन ओळी चालतात, म्हणून आम्हीही कंसाला ओळीच्या पुढे जायची मुभा दिली होती. एक कंस उघडला आणि मिटवला नाही, की ‘कातीव’च्या लेखी त्याच्या खालचं सगळंच कंसात गेलं. लाखभर ओळी एका फटक्यात गुलाबी करायच्या, आणि कंस मिटला की लाखभर ओळी परत पहिल्यासारख्या. आमच्या ऑफिसात हे कुणाला दिसणार? बर्वे चाचणी घ्यायचा ती मधल्या कुठल्यातरी ओळीतला आकडा बदलून. तिथं एक ओळ रंगवली की काम संपायचं. प्रोग्रॅमच्या डोक्यावर श्री लिहायची वेळ आमच्यापैकी कुणावर आलीच नव्हती. आम्हाला मशीन चालू करायचं नसायचं.

टूलरूमच्या बाहेर येऊन मी मगदूम सरांना फोन लावला.

“काढले रंग?”

“नाही. सर, कंपनी काढायच्या आधी तुम्ही स्वतः मशीनवर होतात तेव्हा प्रोग्रॅमच्या वर काय लिहायचात?”

“काय लिहायचो म्हणजे?” ते जरा थांबले. “श्री वीतरागाय नमः. आम्हा जैनांत तसंच लिहितात. का ओ?”

“कंसात?”

“मग काय, कंसाबाहेर लिहिलं तर मशीन बोंबलणार की.”

“तिथंच अडकतंय, सर. कंस उघडताना एकदा आणि मिटवताना एकदा. बाकी कुठंच नाही.”

खालच्या वर्कशॉपमधल्या लेथचा आवाज तेवढा फोनमधून येत होता.

“सोमवारपर्यंत रंग राहू द्या,” मी म्हणाले. “मी नीट करते.”

“आणि नाही झालं तर? दुसरी ऑर्डर नाही ओ आपल्याकडं एवढी मोठी. ती गेली तर ‘कातीव’ गेलं.”

“नाही झालं तर सोमवारी सगळ्यांसमोर मी रंग काढते आणि कायमची बिलांना बसते. पुन्हा मागणार नाही.”

पलीकडून फुर्र ऐकू आलं नाही. चहा अजून कपातच होता.

रविवारी सकाळी ऑफिसात बर्वे माझ्याआधी हजर. सरांनी त्याला फोन केला होता की तो आपण होऊन आला होता, हे मी विचारलं नाही.

“सोपं आहे गं,” तो म्हणाला. “ओळ संपली की कंस आपोआप मिटला असं धरायचं. एक ओळ बदलायची, जेवायला घरी.”

“मग जुन्या मशीनवाल्यांच्या सूचना अर्ध्या गुलाबी आणि अर्ध्या निळ्या होतील. आणि गुलाल जाईल.”

“कसला गुलाल?”

मी सांगितलं. बाह्यांची बटणं, जोडलेले हात, टोपी, बडीशेप, सगळं. बर्वे हसता हसता खुर्चीवरून घसरला.

“म्हणजे आपल्या ढिलाईची त्यांनी पूजा मांडली?”

“पूजा थांबण्याची नाही, गुलालाची. थांबणं घालवायचं, गुलाल ठेवायचा.”

“तोडकर, हे एडिटर आहे, देऊळ नाही.”

“त्यांनी आपलं सामान स्वतःहून घरात घेतलंय, बर्वे. असं गिऱ्हाईक तू आणलंयस का कधी? मी तीन वर्षं बिलं केलीत, मला दिसलं नाही.”

तो खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आला. “बरं, सांग. करायचं कसं? पहिल्या ओळीत कंस उघडला की पुढच्या प्रत्येक ओळीचा हिशेब बदलतो. तो केल्याशिवाय सुटका नाही.”

“वहीत पानाच्या तळाशी बेरीज लिहून पुढच्या पानावर ओढतात ना, तसं आपण प्रत्येक ओळीच्या शेवटी नोंदवतो, कंस उघडा आहे की मिटलेला.”

“हो. आणि पहिलं पान बदललं की पुढची सगळी पानं खोडून पुन्हा लिहितो.”

“कुठला शहाणा कारकून असं करतो? नोंदीची एक बाजू आली आणि दुसरी अजून आली नाही, तर कुणी वही खोडायला बसत नाही. ती उचंत खात्यात टाकतो आणि दुसरी बाजू यायची वाट बघतो.”

“उचंत म्हणजे?”

“जिचं घर अजून ठरलेलं नाही अशी नोंद. अरे, माणूस कंस उघडतो तो मिटवण्यासाठीच. त्यातून आत देव बसवायचा असेल तर मिटवणारच.”

बर्वेनं पेन टेबलावर ठेवलं. त्याला काही पटलं की तो हातातली वस्तू खाली ठेवतो.

“म्हणजे डोळ्यासमोरच्या ओळी तेवढ्या लगेच गुलाबी करायच्या,” तो सावकाश म्हणाला.

“आणि खालच्या लाखभर ओळींना हातच लावायचा नाही. फक्त खूण ठेवायची, इथून पुढचं उचंत. माणसाचे हात थांबलेले असतील तर खालचं थोडं थोडं करत राहायचं. बोट कीबोर्डला लागलं की काम सोडून त्याच्याकडे बघायचं. मिटता कंस आला की खूण पुसायची आणि जेवढ्या ओळींना हात लावला असेल तेवढ्याच मागे घ्यायच्या.”

“आणि कंस उघडा ठेवून तो मध्येच शेवटच्या ओळीवर गेला तर?”

हे मला सुचलं नव्हतं. तिथं जुने रंग दिसले असते, आणि ते खोटे ठरले असते. खोटा रंग हा नसलेल्या रंगापेक्षा वाईट. लाल दिसायला हवं ते लाल दिसलं नाही, की हत्यार मोडलंच. आम्ही दोघं बराच वेळ खालचं लेथ ऐकत बसलो, आणि रविवार असल्यामुळे ते चालू नव्हतं हे नंतर लक्षात आलं.

“जिथं नजर जाईल तिथं आधी,” बर्वे शेवटी म्हणाला. “तो जाईल ते पान त्या वेळी रंगवायचं, उचंत खात्यात काय आहे ते विचारून. मधलं राहू दे तसंच.”

“हे तू लिही.”

“मी? ही तुझी रांगोळी आहे.”

“आजपासून एक रांगोळी वजा केली तुझ्या खात्यातून. लिही.”

त्यानं लिहिलं आणि मी माझ्या भागाशी जोडलं. मग चाचणी. पंपाच्या केसिंगचा प्रोग्रॅम मी सर्जेरावांकडून आणला होता. बर्वेनं वर जाऊन कंस उघडला आणि सवयीनं ए, बी, सी टायपायला लागला.

“श्री लिही,” मी म्हणाले.

“काय फरक पडतो?”

“तुला नाही पडत. लिही.”

त्या दिवशी बर्वेनं इतक्या वेळा श्री लिहिलं की त्याच्या घराण्यात सगळ्यांचं मिळून झालं नसेल. उघड, लिही, मीट. वर जा, खाली जा, पुन्हा उघड. उन्हं उतरेपर्यंत गुलाल हातासरशी पडायला आणि हातासरशी उतरायला लागला. त्यानंतर आम्ही ‘कातीव’ दोनदा पाडून नव्यानं बांधलं. उचंतची ती खोली तेवढी तशीच आहे. तिची वीट कुणाला हलवता आलेली नाही, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

सोमवारी टूलरूममध्ये मॅनेजर होते, मगदूम सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि पुण्याच्या कंपनीचा माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन सगळ्यांकडे बघून हसत होता. त्याला हसायला काही जात नव्हतं. नवं ‘कातीव’ मी सकाळीच त्या कॉम्प्युटरवर बसवून ठेवलं होतं. बर्वे दाराशी उभा होता. सर्जेरावांचा गुलालाचा ठिपका त्या दिवशी जरा ठसठशीत वाटला मला.

“इंगवले, तो मोठा साचा उघडा,” मॅनेजर म्हणाले. “नेहमी करता तसंच करा. काही वेगळं नको.”

सर्जेरावांनी बाह्या खाली केल्या, बटणं लावली, वर जाऊन रिकामी ओळ केली आणि कंस उघडला.

गुलाल पडला. बोट उचलायच्या आत पडला. आणि सर्जेरावांनी हात जोडून डोळे मिटले.

सगळं स्तब्ध.

“बघा,” मॅनेजर मगदूम सरांना म्हणाले. “हेच मी सांगत होतो. अडकलं.”

पुण्याच्या माणसानं लॅपटॉपचं झाकण उघडलं. मगदूम सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तुंबलेली सगळी बिलं मला दिसली.

“अडकलेलं नाही,” मी म्हणाले.

“मग हे काय आहे?”

“ते नमस्कार करतायत. कर्सर बघा, साहेब.”

कर्सर लुकलुकत होता. गुलाबी स्क्रीनवर, उघड्या कंसाच्या पुढ्यात, शांतपणे. शनिवारी सर्जेरावांनी हात जोडले होते तेव्हा तो मेल्यासारखा पडला होता.

“इंगवले,” मॅनेजरांनी हाक मारली.

सर्जेरावांचे डोळे मिटलेलेच. ओठ हलत होते. काम मोठं होतं, नमस्कारही त्या मापाचा. हात जोडलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावेल असा मॅनेजर कोल्हापुरात अजून जन्मायचाय, तेव्हा साहेबही उभे राहिले. पुण्याच्या माणसालाही उभं राहावं लागलं. एवढी मोठी मीटिंग एका माणसाची वाट बघत होती, आणि सॉफ्टवेअरही.

सर्जेरावांनी डोळे उघडले. अक्षरं बोटांबरोबर पडत गेली. कंस मिटला, गुलाल उतरला, निळं-लाल जागेवर. त्यांचा हात सवयीनं डबीकडे गेला होता तो अर्ध्यात थांबला.

“मॅडम,” ते वळून म्हणाले, “बडीशेपचा टाइम गेला की वं.”

“आता मनाला येईल तेव्हा खा.”

“गुलाल ऱ्हाऊ दिलासा, तेवढं बरं केलं.”

मॅनेजरांनी मग सगळं करून बघितलं. शेवटच्या ओळीवर गेले, मध्ये आले, कंस उघडा ठेवून भलतीकडेच गेले. रंग त्यांच्या नजरेबरोबर फिरत राहिले. दाराशी बर्वे मोठ्या कौतुकानं छताकडे बघत होता. पुण्याच्या माणसाच्या एडिटरवरही सर्जेरावांना बसवलं. त्यांनी कंस उघडला, तेवढी एक ओळ करडी झाली. ते थोडा वेळ वाट बघत राहिले.

“ह्यात गुलाल न्हाई?” त्यांनी विचारलं.

“कसला गुलाल?” तो म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नाही.

चहा आला. मॅनेजर मगदूम सरांना म्हणाले, “बाकीच्या मशीनांवर कधी बसवताय?” मगदूम सरांनी चहा बशीत ओतला, फुर्र केलं आणि माझ्याकडे हात केला. “तारीख ह्यांना विचारा. रंग ह्यांचे आहेत. बिलांना आम्ही दुसरं माणूस बघतोय.”

मी तारीख दिली. सगळे हलले, पुण्याचा माणूस लॅपटॉप मिटून गेला. मी पिशवी उचलली तर मगदूम सर सर्जेरावांच्या खुर्चीवर बसलेले. बाह्यांची बटणं लावलेली. त्यांनी साच्याचा तोच प्रोग्रॅम वर नेला, कंस उघडला आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, श्री वीतरागाय नमः लिहिलं. गुलाबी उजेड चष्म्यात पडला होता. कंस न मिटवता ते तसेच बघत बसले, पूर्वी स्वतःच्या मशीनसमोर बसत असतील तसे.

“रंग काढा असं कोण म्हणालं होतं ओ?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“तुम्ही ते कंसात म्हणाला होतात, सर,” मी म्हणाले. “मशीननं वाचलं नाही.”